हान तेसूचं सुतक

माझ्या यजमानांनी मिशी काढली ती शुक्रवारी सकाळी. शनिवारी दुपारपर्यंत बर दुबईतल्या निम्म्या मराठी घरांत माझे सासरे वारले होते. सासरे स्वतः त्या वेळी पुण्याला, धनकवडीच्या गॅलरीत, मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत बसले होते.

हे कसं झालं ते सांगते. सांगताना आवाज चढला तर समजून घ्या. एरवी तो चढत नाही.

चातुर्मासात मी दरवर्षी एखादा नेम धरते. एका वर्षी केळीच्या पानावर जेवले, एका वर्षी रोज गोपद्मं काढली. यंदा मौनाचं जेवण धरलं. ताटाला नमस्कार केला की हात धुवेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. चुकून तोंडातून शब्द गेला तर ताटावरून उठायचं, त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. कार्तिकी झाली की उद्यापन. पाच दांपत्यं जेवायला बोलवायची, आणि गुरुजींना घंटा दान द्यायची. चार महिने गप्प बसलेल्या बाईने शेवटी घंटा द्यायची, हे मला फार आवडलं होतं. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, फोनवर सांगितलं तर ते या वयात रिक्षा करून तांबट आळीत गेले, दहा घंटा वाजवून बघितल्या, आणि त्यातली एक इकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून दिली. "पितळ चांगलं आहे, सूनबाई. लांबपर्यंत जातो आवाज."

अडचण एकच होती. विजयकुमार.

माझे यजमान हमरिया फ्री झोनमध्ये पंप बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्सचे हेड आहेत. दिवसभर कुठला बेअरिंग कुणी नेला, सही कुठे आहे, ऑडिटला काय दाखवायचं. शारजाच्या ट्रॅफिकमधून अल मनखूलला घरी पोचेपर्यंत बोलणं त्यांच्या पोटात गच्च साठलेलं असतं. ते बाहेर पडतं जेवताना. आणि जेवताना मी गप्प.

"अगं, निदान हुं तरी म्हण," आठवड्याभरात ते वैतागले. "भिंतीसमोर जेवल्यासारखं वाटतंय मला."

मी ताटाकडे बोट दाखवलं. त्यांनी मला आणखी भात वाढला.

तोडगा काढला आमच्या लेकीने, शुभ्राने. ती इथेच वाढली, आता युनिव्हर्सिटीत आहे. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र बहुतेक इंग्लिशमधून येतं. "बाबा, जस्ट रीड समथिंग," ती म्हणाली, आणि त्यांच्या फोनवर एक कोरियन चित्रकथा उघडून दिली. फोनवर वरून खाली सरकवत वाचायची, दर गुरुवारी नवा भाग. जुन्या काळातलं कुठलंसं राज्य, राजा, दुष्काळ, तलवारी. तिला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील.

त्या कथेत राजपुत्र होता, सेनापती होता, डोळ्यांवर केस आलेला एक देखणा धनुर्धारीही होता. शुभ्राच्या मैत्रिणी त्या धनुर्धाऱ्यावर जीव टाकतात म्हणे. आमच्या यजमानांना आवडला हान तेसू. ऐंशीचा, वाकलेल्या पाठीचा, विरळ दाढीचा म्हातारा. काम काय, तर सरकारी धान्यकोठाराचा रखवालदार. त्याच्या कमरेला सुती दोरीत ओवलेल्या दोन किल्ल्या. लोखंडी किल्ली पुढच्या दाराची, राजाच्या धान्यासाठी. लाकडी किल्ली मागच्या दाराची, त्यातून तो रात्री उपाशी लोकांना धान्य काढून द्यायचा आणि सकाळी हिशेब जुळवायचा.

"स्टोअर्सचा माणूस आहे गं!" यजमान पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे चकाकत होते. "बावीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. हीरो स्टोअर्सचा माणूस!"

झालं. रोज रात्री जेवताना वाचन सुरू. इंग्लिशवरून मराठी करत, मोठ्याने, आवाज काढून. राजाचा आवाज त्यांच्या जीएमसारखा, तेसूचा आवाज अण्णांसारखा. मी आमटीभात कालवतेय आणि समोर कोरियातला दुष्काळ. थांबवायचं कसं? बोलता येत नाही. पहिल्या दिवशी मी कपाळावर हात मारला. ते म्हणाले, "हो ना, मलाही तसंच वाईट वाटलं."

श्रावण संपेपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं. तेसूचं चित्र असलेलं एक कार्ड त्यांनी कोरियाहून मागवलं. पस्तीस दिरहॅम, म्हणजे आठशे रुपये, एका पत्त्याएवढ्या कागदाचे! जेवायला बसलं की ते कार्ड ताटासमोर धरून फोटो काढायचा आणि मगच पहिला घास. शुभ्राने सांगितलं की याला येजॉल शॉट म्हणतात. येजॉल म्हणजे शिष्टाचार. आपल्या आवडत्या पात्राला आधी अन्न दाखवायचं, मग आपण खायचं, अशी कोरियातल्या पोरांची पद्धत आहे.

एकदा कार्ड निसटून थेट आमटीत पडलं. यजमान ते चमच्याने काढत होते, आणि मला नेमामुळे हसताही येईना, रागावताही येईना. हात धुतले आणि म्हटलं, "अहो, हे काय चाललंय?"

"तू नाही नैवेद्य दाखवत?"

"मी देवाला दाखवते. गोदामाच्या रखवालदाराला नाही."

ते कार्ड पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मीही गोदामाचा रखवालदारच आहे, विभा."

मला काही सुचलं नाही. आणि या वेळी तर मी जेवतही नव्हते.

शुभ्राला मात्र मजा वाटत होती. "आई, बाबा इज नॉट अ फॅन एनीमोअर. कोरियन नेटवर याला वेगळा वर्ड आहे. सिपदॉक." मग तिने मला समजावून सांगितलं. जपानमध्ये अशा वेड्यांना ओताकू म्हणतात. कोरियात जाऊन त्याचं ओदॉक्हू झालं, पुढे नुसतं ओदॉक. त्यांच्या मोजणीत ओ म्हणजे पाच. मग ज्याचं वेड त्याच्या दुप्पट, तो दहाचा, सिपदॉक. खोट्या माणसांवर खऱ्या माणसांपेक्षा जास्त जीव लावणारा. "बट इट्स नॉट अ नाइस वर्ड, आई. शिवीसारखाच आहे. चारचौघांत नको म्हणूस."

मी कशाला म्हणतेय? यजमानांनीच म्हटलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, प्रसादाच्या रांगेत, छातीवर हात ठेवून. "मी सिपदॉक आहे. दहाचा!" राजाभाऊंना वाटलं, ऑफिसात प्रमोशन मिळालं. त्यांनी अभिनंदन केलं.

राजाभाऊ आमच्या मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. कुणाला नोकरी लागली, कुणाचा व्हिसा अडकला, कुणाकडे बाळ झालं, सगळं त्यांना आधी कळतं, आणि कळलं की ते मंडळाच्या ग्रुपवर गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मनाने फार चांगले. ते आणि स्मितावहिनी माझ्या पाच दांपत्यांतलं पहिलं.

आता त्या गुरुवारावर येते. कार्तिकीच्या आधीचा गुरुवार. रविवारी द्वादशी आणि उद्यापन, असं ठरलेलं. जेवताना यजमानांनी नवा भाग वाचायला घेतला. मागच्या दाराचं राजाला कळतं, आणि त्याची माणसं कोठार जाळायला येतात. तेसू पुढच्या दारात एकटा उभा राहतो, म्हणजे मागच्या दाराने लोकांना धान्य नेता यावं. आग लागते. सकाळी राखेत एक प्रेत सापडतं. चेहरा ओळखू येत नाही. पण कमरेला सुती दोरी, आणि दोरीत लोखंडी किल्ली. गावकरी गुडघे टेकतात. भाग समाप्त.

यजमान वाचताना थांबत थांबत आले होते. शेवटी फोन पालथा ठेवला आणि ताटावर बसल्याबसल्या रडले. नवरा रडताना मी दोनदाच बघितला आहे, एकदा शुभ्राच्या जन्माच्या वेळी आणि एकदा त्यांची आई गेली तेव्हा. हे तिसरं.

एक वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ताटात भात होता. मी घाईघाईने तो संपवला, हात धुतले, तोवर ते आतल्या खोलीत जाऊन दार लावून पडले होते. आणि मग मला वाटलं, मरू दे. चित्रातल्या म्हाताऱ्यासाठी मी कशाला तोंड उघडू?

शुक्रवारी सकाळी मी लवकर जेवायला बसले होते, कारण शनिवारी एकादशीचा उपास, आणि आदल्या दिवशी, दशमीला, मी एकदाच जेवते. बाथरूमचं दार उघडलं आणि यजमान बाहेर आले. ऑफिसचा शर्ट, हातात बॅग, आणि ओठांवर काही नाही. लग्नाच्या आधीपासूनची मिशी. साफ.

माझा घास हवेत राहिला.

आपल्यात बाप हयात असताना कुणी मिशी काढत नाही. हे काय सांगायला लागतं? मिशी काढलेला मराठी माणूस दिसला की आपण आधी चपला काढतो आणि मग हळूच विचारतो, कधी झालं.

"असं बघू नकोस," ते म्हणाले. "कोरियात सगळे काही ना काही करतायत. कुणी काळी फीत लावलीय, कुणी त्याच्या नावाने पेज रांधलीय. त्याला मूल नाही, बाळ नाही. मागे कोणीच नाही गं त्याच्या. मग म्हटलं, आपण निदान एवढं तरी."

मी डोळे मोठे केले. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे बोट दाखवलं. पुन्हा त्यांच्या ओठांकडे दाखवलं. पुन्हा अण्णांकडे.

"हो, अण्णांच्याच वयाचा होता," ते म्हणाले, आणि गेले.

मी बोलायला हवं होतं का? दोन दिवसांवर उद्यापन. चार महिने एक दिवस चुकला नव्हता. मी नाही बोलले. जेवण पुरं केलं, हात धुतले, गॅलरीत धावले, तेव्हा त्यांची गाडी पार्किंगमधून वळत होती. फोन लावला तर उचलला नाही. गाडीतून त्यांनी स्टेटस मात्र टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं: "आधार गेला. काही सुचत नाही."

शुक्रवारी त्यांना हाफ डे असतो. दुपारी आले तेव्हा मी दारातच धरलं.

"अहो, अण्णा आहेत ना! ठणठणीत आहेत! काय अभद्र करून बसलात?"

"अगं, अण्णांचा काय संबंध?"

"कुणी बघितलं का तुम्हाला?"

"ऑफिसात कोण बघतंय, सगळे मल्याळी. फक्त राजाभाऊ भेटले, भाजीच्या दुकानात. विभा, फार मोठ्या मनाचा माणूस. मला बघून थांबले, हातातली पिशवी खाली ठेवली, गळ्यातच पडले माझ्या."

"का?"

"का म्हणजे? तेसू गेला म्हणून. म्हणाले, कधी? मी म्हटलं, काल. आजारी होते का? म्हटलं, छे, शेवटच्या क्षणापर्यंत ड्यूटीवर. म्हणाले, भाग्यवान, असं मरण यायला पुण्य लागतं. मला एकदम भरून आलं."

मला काय वाटावं? मला वाटलं, म्हणजे राजाभाऊसुद्धा! घराघरांत ही साथ पसरलीय. मी कपाळाला हात लावला आणि अनारशांचं पीठ बघायला आत गेले. नवऱ्याच्या मिशीवरून भांडायला वेळ नव्हता. मिशी दोन दिवसांत उगवणार नव्हती, आणि अनारसे तर तळायलाच हवे होते.

एकादशीला मी फोन कपाटात ठेवते. त्यामुळे शनिवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. यजमानांनी दुःखात स्वतःचा फोन बंद केला होता. शुभ्रा त्या ग्रुपवर नाही. दुपारी उद्याच्या पुरणाची डाळ शिजायला घातली होती, वेलदोड्याचा वास घरभर, आणि बेल वाजली.

दारात राजाभाऊ, पांढऱ्या सदऱ्यात. मागे स्मितावहिनी, हातात झाकलेलं पातेलं. त्यांनी चपला लिफ्टपाशीच काढल्या होत्या.

"वहिनी," राजाभाऊ म्हणाले, आणि रुमाल काढून डोळे टिपले.

स्मितावहिनींनी पातेलं माझ्या हातात दिलं. गरम होतं. पिठलं-भात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारचे आणून देतात ते पिठलं-भात.

"कुणाचं?" मी विचारलं.

"तुमच्यासाठीच, वहिनी. दोन घास खा." मग त्यांनी नाक वर केलं. एकदा. पुन्हा एकदा. चेहरा बदलला. "वहिनी... डाळ शिजतेय? पुरणाची?"

"उद्या उद्यापन नाही का!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "बसा," स्मितावहिनी मला माझ्याच घरात म्हणाल्या. "बसा हं. धक्का बसला की असं होतं माणसाला. माझी मावशीही चकल्या तळत बसली होती."

"वहिनी, गुरुजींशी मी बोललोय," राजाभाऊ म्हणाले. "ते म्हणाले, दहा दिवस सुतक, उद्याचं होणं शक्य नाही. बाकी चारही घरांना मी कळवलं. सगळं कॅन्सल. खलास. तुम्ही कसली काळजी करू नका."

मी पातेलं टेबलावर ठेवलं. "कसलं सुतक?"

"अण्णांचं," दोघं एकदम म्हणाले.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी शांतपणे म्हटलं, "अण्णा जिवंत आहेत." त्यांनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला स्वतःचीच शंका आली. मी म्हटलं, "काल सकाळीच बोललेय मी त्यांच्याशी." स्मितावहिनी माझा हात थोपटत म्हणाल्या, "हो ना, काल सकाळीच. आणि दुपारी..." मी म्हटलं, "अहो, दुपारीही काही नाही झालं!" तेव्हा राजाभाऊंनी हळूच फोन काढून मंडळाचा ग्रुप दाखवला. "विजयकुमारांचे पितृछत्र हरपले." खाली हात जोडलेल्यांची रांग. कुणीतरी अण्णांचा सत्कारातला फोटो शोधून काढून त्याला हारही घातला होता.

दहा दिवस म्हणजे चातुर्मास मागे पडला. पडून राहिलेलं उद्यापन आणि मोडलेला नेम यांत काय फरक? आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या घरात ओरडले.

"अहो! बाहेर या!"

आतून शुभ्रा धावत आली, तिला वाटलं गॅस लीक झाला. मागून यजमान. विस्कटलेले केस, उघडा ओठ, हातात ते कार्ड. त्यांना बघताच राजाभाऊ पुन्हा गळ्यात पडायला निघाले.

"राजाभाऊ, थांबा," मी म्हटलं. "अहो, सांगा यांना कोण गेलं."

"तेसू," यजमान म्हणाले.

"कोण?"

"हान तेसू. तुम्हाला सांगितलं ना काल? कोठारावर होता."

"अण्णा कोठारावर होते?" स्मितावहिनींनी विचारलं. "मला वाटलं एलआयसीत."

शुभ्राने तोंड दाबून धरलं होतं. "अंकल, ही इज अ कॉमिक कॅरेक्टर. लाइक, ड्रॉइंग."

राजाभाऊ सोफ्यावर बसले. पण विश्वास त्यांचा अजूनही बसेना, कारण मिशी समोर होती. मिशी खोटी कशी असेल? मी शुभ्राला म्हटलं, अण्णांना व्हिडिओ कॉल लाव.

अण्णा पडद्यावर आले. समोर सूप, बोटांना शेंगांची टरफलं.

"बरं झालं तुम्हीच केलात फोन," ते म्हणाले. "सकाळपासून दुबईहून तिघांचे आले. एकाने हार घातलेला माझा फोटो पाठवला, आणि एकाने तर मलाच विचारलं, शेवटी त्रास झाला का म्हणून. मी म्हटलं, आता होतोय."

स्मितावहिनींनी घाईघाईने पदर सावरला आणि फोनला नमस्कार केला. मेलेल्या माणसाला करतात तसा नाही, बऱ्यापैकी घाबरून.

मग अण्णांना मुलगा दिसला. हातातली शेंग तशीच राहिली. "विजू. कोण गेलं?"

यजमान पंचावन्न वर्षांचे आहेत. त्या क्षणी पाच वर्षांचे दिसले. "हान तेसू, अण्णा."

"कुठला?"

"कोरियाचा."

"कंपनीतला?"

"नाही. गोष्टीतला."

अण्णांनी बोटांची टरफलं झटकली. मला वाटलं, आता तिकडून टरफलं फेकून मारतील.

"काम काय करायचा?" अण्णांनी विचारलं.

"स्टोअर्स."

"चोख?"

"फार चोख, अण्णा."

"हं." अण्णांनी शेंग फोडली. "सूनबाई, उद्या घंटा द्यायची ना तुझी?"

मी मान हलवली.

"मग मूर्खपणा पुरे. विजू, ऐक. आपल्या गोत्राचा नाही, रक्ताचा नाही, परमुलखात गेला. अशा माणसाचं सुतक दहा दिवस नसतं. कळलं की आंघोळ करायची, संपलं. जा, आंघोळ कर. आणि गुरुजींना सांग, बाप स्वतः म्हणाला, माझी हरकत नाही. मिशी त्याची, गेली तर गेली. मी नाही गेलो." मग जरा थांबून म्हणाले, "राजाभाऊ तिथे आहेत का?"

"आहे, अण्णा," राजाभाऊ उठून उभे राहिले.

"फोटो चांगला निवडलात. हार तेवढा काढा."

राजाभाऊंनी तिथेच बसून चारही घरांना फोन केले. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. यजमानांची अब्रू जितकी जायची तितकी गेली असणार. गुरुजींनी फोनवर आधी दोनदा विचारलं की गोष्टीतल्या माणसासाठी क्षौर केलं असं तुम्ही म्हणताय का, आणि मग म्हणाले की शास्त्रात याला काही नाव नाही, तेव्हा दोषही नाही, वडिलांचा शब्द पुरे. बाथरूममध्ये नळ चालू होता. मी पिठलं-भाताचं पातेलं तसंच स्मितावहिनींना परत दिलं. एकादशी नसती तर भिरकावलं असतं.

रविवारी सोफा गॅलरीत सरकवून हॉलमध्ये पंगत मांडली. पूजेला यजमान माझ्या शेजारी पीतांबर नेसून बसले, ओठ बोडका, चेहरा पडलेला. मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं: आज कार्ड नाही, वाचन नाही, तेसूचं नाव नाही. ते त्यांनी पाळलं. पहिल्या वाढपापर्यंत पाळलं.

या नेमात यजमानणीने शेवटचं मौनाचं जेवण पंगतीत बसून घ्यायचं, असं गुरुजींनी सांगितलं होतं. वाढायला शुभ्रा. मी ताटाला नमस्कार केला आणि तोंड मिटलं. त्याच क्षणाची वाट बघत असल्यासारख्या स्मितावहिनी म्हणाल्या, "पण भावजी, हे तेसू गेले तरी कसे?"

मी डोळ्यांनी नको म्हटलं. कोण बघतंय!

यजमानांनी आधी दोन वाक्यांत सांगितलं. मग राजाभाऊंनी विचारलं, राजाला कळलं कसं. मग मधलं सांगावं लागलं. मग पहिल्यापासून. पोळ्या गार झाल्या. साखरभातावर तूप थिजलं. चार महिने तोंड मिटून पाळलेल्या नेमाचं उद्यापन, आणि पाच दांपत्यं कोरियात! यजमानांनी राजाचा आवाज काढला, तेसूचा काढला. कोठार पेटलं तेव्हा गुरुजींचा हात वरणात थांबला. राखेतल्या प्रेताशी आल्यावर स्मितावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "अगं बाई! आणि मागे कोणीच नाही हो त्यांच्या?"

"म्हणून तर मिशी," यजमान म्हणाले.

"बरोबर आहे," राजाभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मीही काढली असती."

मी शेवटचा घास गिळला. उठले, हात धुतले. देवासमोरची घंटा उचलून वाजवली. अण्णा म्हणाले होते तशीच, लांबपर्यंत गेली. गुरुजींच्या हातात दिली, नमस्कार केला.

"नेम पुरा झाला, वहिनी," गुरुजी म्हणाले. "आता मोकळेपणाने बोला."

सगळे माझ्याकडे बघत होते. काय काय बोलायचं होतं मला! आमटीतलं कार्ड होतं. कपाळावर हात मारला तर भलतंच समजणारा नवरा होता. ग्रुपवर हार घातलेले अण्णा होते. चार महिन्यांचं सगळं जिभेवर तयार होतं. आणि तोंडातून आलं ते गुरुवारपासून अडकलेलं.

"लाकडी किल्ली कुठेय?"

कुणाला काही कळलं नाही. यजमानांना कळलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"किल्ल्या दोन होत्या," मी म्हटलं. "प्रेतापाशी एकच सापडली."

"लाकडी होती, वहिनी. जळाली असेल," राजाभाऊ म्हणाले.

"मग दोरी कशी नाही जळाली? सुती होती. माणूस ओळखू येईना इतका जळतो आणि सुती दोरी धड राहते? ती किल्ली कुणीतरी मागाहून त्या प्रेताला बांधलीय. आणि लाकडी किल्ली मागच्या दाराची. मागच्या दाराने लोक गेले, त्यांच्याबरोबर तो गेला. प्रेत दुसऱ्याच कुणाचं आहे." माझा आवाज चढला होता. "चेहरा दाखवला का त्यांनी? नाही ना दाखवला?"

गुरुजींनी हळूच विचारलं, "म्हणजे आहेत ते?"

"आई!" शुभ्रा तुपाचं भांडं घेऊन उभी होती. "ओ माय गॉड, यू आर अ सिप—"

"चारचौघांत नाही," मी म्हटलं.

यजमान माझ्याकडे बघतच होते. "विभा, तू ऐकत होतीस? रोज?"

"बोलायचं नाही, हा नेम होता. ऐकायचं नाही, असा नव्हता."

त्यांचा हात आपोआप ओठावर गेला, मिशी असायची तिथे. तिथे दोन दिवसांचे खुंट होते. "मग गुरुवारीच का नाही बोललीस?"

"बोलणार कशी?" मी म्हटलं. "ताटात भात होता माझ्या."